गप्प बसवलेला जोडारी

त्या दिवशी पौषातला कोरडा वारा सुटला होता. आभाळ धुऊन ठेवल्यासारखं निळं होतं. ऊन होतं, पण उन्हाला ऊब नव्हती. तुतीच्या पानावर रोज सकाळी दव असायचं, ते त्या दिवशी पडलंच नव्हतं. माणसांचे ओठ फुटले होते, टाचा भेगाळल्या होत्या, आणि दोरीवर टाकलेलं लुगडं पाणी निथळायच्या आत वाळून कडक होत होतं. असा वारा माणसाला नुसता त्रास देतो. पण ज्याचं अंग केसाएवढं बारीक, त्याचा तो जीव घेतो.

केसाएवढ्या अंगाचे असे लाखो जीव एका गावात एका खोलीत ठेवलेले होते. रेशमाच्या अळ्या होत्या त्या, अंड्यातून निघून तीन दिवस झालेल्या. अळी इतकी लहान असताना तिला ज्याच्या त्याच्या घरी जगवणं कठीण, म्हणून गावातल्या बेचाळीस घरांनी मिळून ही एक खोली बांधली होती. पहिले आठ-नऊ दिवस सगळ्यांच्या अळ्या इथे वाढायच्या, मग ज्याचे त्याचे ट्रे जो तो घरी न्यायचा. या खोलीला गाव चॉकी म्हणायचं. चॉकीत हवा उबदार लागते आणि ओलसर लागते. दोन्हींतलं एक कमी झालं की अळी पान सोडते, आणि पान सोडलं की संपलं.

ही हवा सांभाळायचं काम मुरलीधरकडे होतं. मुरलीधर गावातलाच. तरुणपणी शहरात संगणकाची नोकरी करून परत आलेला. अकरा वर्षांपूर्वी त्यानं चॉकीसाठी स्वतःच्या हातानं एक प्रोग्राम लिहिला होता. प्रोग्राम म्हणजे संगणकाला सांगून ठेवलेलं काम. गारठा वाढला की हीटर लाव. हवा कोरडी झाली की धुक्याचं यंत्र चालू कर. आणि काही केल्या आवरेना, तर भोंगा वाजव, म्हणजे माणसं धावत येतील. एवढंच सांगितलेलं होतं, पण अकरा वर्षांत ते एकदाही चुकलं नव्हतं. मुरलीधरला त्याचा अभिमान होता, आणि तो खोटाही नव्हता.

आदल्या दिवशी चॉकीतला जुना संगणक जळाला. तालुक्याहून नवा आणेपर्यंत बायकांनी दारांना, खिडक्यांना ओली गोणपाटं लावली, हातानं पाणी शिंपडलं आणि कशीबशी हवा धरून ठेवली. सकाळी नवा संगणक टेबलावर आला. मुरलीधर हात धुऊन त्याच्यापुढे बसला.

आता प्रोग्राम काही पिशवीतून काढून नव्या संगणकात ओतता येत नाही. त्याचे तुकडे सुटे असतात. बाजारातून पलंग आणला तर पाय वेगळे, फळ्या वेगळ्या, आणि घरी आणून तो जोडावा लागतो, तसंच हे. जोडायचं काम संगणकातलाच दुसरा एक प्रोग्राम करतो. त्याला आपण जोडारी म्हणू. जोडाऱ्याच्या हातात एक यादी द्यायची: हा तुकडा या खोक्यातून काढ, त्या तुकड्याला लाव, मग पुढचा घे. ही यादीसुद्धा मुरलीधरनंच लिहिलेली होती, अकरा वर्षांपूर्वीच, त्या वेळच्या रीतीनं.

पण नव्या संगणकातला जोडारी नवा होता.

मुरलीधरनं जपून ठेवलेल्या नकलेतून सगळे तुकडे नव्या संगणकात आणले, यादी जोडाऱ्याच्या हातात दिली आणि पडद्यावर लाल अक्षरांचा पाट वाहायला लागला. एकशे सेहेचाळीस तक्रारी. पडद्यावर मावतील तेवढ्या शेवटच्या राहिल्या, बाकीच्या वर निघून गेल्या. मुरलीधरनं सगळ्यात खालची वाचली.

अनसूयामावशी मागे उभी होती. चॉकी झाल्यापासून अळ्यांना पान घालायचं काम तिचंच. तिला अक्षर येत नव्हतं, पण अळीनं मान कशी धरली आहे यावरून ती भुकेली आहे की नाही, हे तिला लांबून कळायचं.

“काय म्हणायलंय ते?” तिनं विचारलं.

“भोंगा सापडत नाही म्हणतंय.”

मावशीनं भिंतीकडे बघितलं. “भोंगा तर तिथंच हाय की. म्या रोज त्याच्यावरचं जाळं काढते.”

“तो भोंगा नव्हे, मावशी. त्याचा तुकडा.”

“मग दे की त्याला.”

“दिलाय. अकरा वर्षं तिथंच आहे. कालपर्यंत सापडत होता, आज म्हणे सापडत नाही. मी यादीतलं एक अक्षर बदललेलं नाही.”

“मग ते कशापायी भांडायलंय?”

“नवं आहे,” मुरलीधर म्हणाला. “नव्याला जुन्याची किंमत नसते.”

त्यानं यादीतून भोंग्याची ओळ काढली. नंतर परत घालू, आधी हे चालू तर होऊ दे, असा विचार केला. जोडारी पुन्हा थांबला. आता सगळ्यात खालची तक्रार निराळी होती: धुक्याचं यंत्र सापडत नाही. मुरलीधरनं तो तुकडा एका खोक्यातून काढून दुसऱ्यात ठेवला. तक्रारी एकशे बावन्न झाल्या. त्यानं दोन ओळी खाली-वर केल्या. तक्रारी एकशे साठ झाल्या.

पडदा वर सरकवून पहिली तक्रार बघायला त्याला एक क्षण पुरला असता. पण वर जायचं म्हणजे आपल्याच यादीत खोट शोधायची. जी यादी अकरा वर्षं चालली, तिच्यात खोट असेल हे त्याच्या मनाला शिवत नव्हतं. माणूस घराची किल्ली सगळीकडे शोधतो, पण स्वतःच्या मुठीत बघत नाही, तसं त्याचं झालं.

नऊ वाजले, दहा वाजले. गोणपाटं पुन्हापुन्हा भिजवून बायका दमल्या. मावशी दोनदा येऊन नुसती उभी राहून गेली. मुरलीधरचे कान तापले. मग त्यानं एक गोष्ट केली.

जोडाऱ्याला सांगायची एक ओळ असते. चूक आली तरी थांबू नको, आणि मला सांगूही नको. शहरात नोकरीला असताना मुरलीधर ही ओळ कोणाला लिहू देत नसे. लिहिणाऱ्याला तो चारचौघांत हसायचा. ती ओळ त्यानं आता आपल्या यादीच्या डोक्यावर लिहिली.

जोडारी गुमान कामाला लागला. लाल अक्षर एकही आलं नाही. शेवटी पडद्यावर हिरवी खूण उमटली, खोलीतला हीटर टक् करून लागला आणि पडद्यावर आकडे आले. ऊब सत्तावीस, ओल पंच्याऐंशी. हवे होते तेच आकडे.

“झालं,” मुरलीधर म्हणाला. “गोणपाटं काढा आता.”

“काढू?” मावशीनं विचारलं. “नक्की?”

“नक्की.”

मावशीनं गोणपाटं काढली. बायका घरी गेल्या. मुरलीधर चहा प्यायला.

आत काय झालं होतं ते त्यानं बघितलं नव्हतं. यादीच्या पहिल्या आठ ओळी नव्या जोडाऱ्याला कळल्या होत्या. त्यांत हीटर होता आणि पडदा होता. नववी ओळ त्याला कळली नाही, आणि नवव्या ओळीवर पुढचं सगळं टेकलेलं होतं: ओल मोजायचा तुकडा आणि धुक्याचं यंत्र. भोंगा तर यादीतून आधीच बाहेर गेला होता. जोडाऱ्याला थांबू नको म्हणून सांगितलेलं, म्हणून तो थांबला नाही. सांगू नको म्हटलेलं, म्हणून त्यानं सांगितलंही नाही. जे कळलं नाही ते सोडून त्यानं बाकीचं जोडून दिलं. आणि पडद्यावरचे ते पंच्याऐंशी कोणी मोजलेले नव्हते. ओलीचं माप आलं नाही तर पंच्याऐंशी धरून चालावं, असं मुरलीधरनंच पूर्वी लिहून ठेवलं होतं. मोजणाऱ्या यंत्राची तार कधी हलते, उगाच गोंधळ नको, म्हणून.

तर असं झालं. बाहेर कोरडा वारा, आत तापलेला हीटर, आणि पाण्याचा थेंब नाही. खोली हळूहळू भट्टी होत चालली.

बाराच्या सुमाराला मावशी टेबलाशी आली. तिच्या तळहातावर बारीक चिरलेलं तुतीचं पान होतं. तिनं मूठ आवळली तसा आवाज आला.

“पान वाजायलंय, मुरली.”

मुरलीधरनं पडद्याकडे बघितलं. “ओल पंच्याऐंशी आहे, मावशी.”

“असंल. पान वाजायलंय.”

“पान कधी तोडलं होतं?”

“रोजच्या टायमाला.”

“दव नव्हतं आज. पानच कोरडं आलं असेल.”

मावशीनं चुरलेलं पान टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, “अळ्या ट्रेच्या कडेला जायल्यात. पान सोडून. तुझ्या पडद्यात दिसत न्हाई का ते?”

“पडद्यात ते नसतं.”

“मग उठून बघ की.”

तो उठला. बघितलं. पश्चिमेच्या भिंतीजवळच्या ट्रेमध्ये अळ्या पान सोडून कडेला लागल्या होत्या, राखेची रेघ ओढावी तशा. काही हलत नव्हत्या. परत येऊन तो पडद्यापुढे बसला आणि पंच्याऐंशीच्या आकड्याकडे बघत राहिला. आकडा हलत नव्हता. सकाळपासून एकदाही हलला नव्हता, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. ध्यानात आलं, तरी तो बोलला नाही.

तेवढ्यात दगडूअप्पा आले. अप्पा म्हणजे बेचाळीस घरांनी नेमलेला कारभारी. माणूस सरळ, पण तोंडानं फटकळ. त्यांनी एक ट्रे बघितला, दुसरा बघितला आणि कमरेवर हात ठेवले.

“हे काय झालं?”

अप्पा टेबलाकडे वळले.

“हवा ठीक आहे?”

मुरलीधरच्या बोटानं पडद्याकडे खूण केली. अप्पांनी आकडे वाचले.

“हवा ठीक आहे. म्हणजे पान वाईट,” अप्पा म्हणाले. “अनसूये, बेचाळीस घरांची पोरं तुझ्या ओटीत घातली होती गं आम्ही.”

“पान चांगलं हाय, अप्पा.”

“चांगलं असतं तर खाल्लं असतं. उद्यापासून दुसरं कोणीतरी बघावं लागेल पानाचं. तुझं वय झालं आता.”

मावशीनं पदर खोचला, विळी उचलली, धुतली आणि भिंतीला लावून ठेवली. ती भांडली नाही. तिनं फक्त एकदा मुरलीधरकडे बघितलं. बाहेरच्या दोन फ्यूज बघून येतो, असं काहीतरी पुटपुटून तो खोलीबाहेर पडला.

चॉकीला लागूनच इब्राहिमभाईंची पत्र्याची शेड होती. इब्राहिमभाई विहिरीवरच्या मोटारी भरून द्यायचे. मोटार जळली की आतली तांब्याची तार काढायची आणि नवी गुंडाळायची, चाळीस वर्षं हेच काम. शाळेत ते दोन पावसाळे गेले असतील नसतील. त्यांच्यापुढे एक काळी पडलेली मोटार उघडी होती आणि ते तिच्यातली जळकी तार पक्कडीनं ओढत होते.

“या, मुरलीभाऊ. वास घ्या,” ते म्हणाले. “पंधरा दिवसांपूर्वीच भरून दिली होती ही.”

मुरलीधर खोक्यावर बसला. “मग कशी जळली?”

“जळली न्हाई, जाळली. फ्यूज उडत होती. एकदा उडाली, दोनदा उडाली. मालकाला आला राग. त्यानं फ्यूजमध्ये खिळ्याएवढी जाड तार घातली. म्हणाला, आता उडून दाखव.” इब्राहिमभाईंनी काळ्या तारेचा गुंडा जमिनीवर टाकला. “मग फ्यूज उडाली न्हाई. मोटार उडाली.”

मुरलीधर हसला नाही. इब्राहिमभाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि पक्कड खाली ठेवली.

“तुमचं काय जळलं?”

आणि मग मुरलीधरनं सगळं सांगितलं. नवा जोडारी, लाल तक्रारी, भोंगा, हिरवी खूण. इब्राहिमभाईंना त्यातलं अर्धं कळलं नसेल. पण ते ऐकत होते, घाई करत नव्हते, आणि कळलं नाही तिथं विचारत होते.

“त्यानं एकशे सेहेचाळीस वेळा सांगितलं?”

“हो.”

“आन तुम्ही शेवटचंच ऐकलं?”

“तेच दिसत होतं.”

“पहिलं काय म्हणला तो?”

मुरलीधर जमिनीवरच्या काळ्या तारेकडे बघत राहिला.

“मोटार बिघडली की अशीच करते, भाऊ,” इब्राहिमभाई म्हणाले. “आधी थोडी गुणगुणते. मग गरम होते, मग धूर, मग पाणी बंद, मग मालकाची बायको ओरडती, मग मालक. माझ्याकडं येणारा माणूस सांगतो, बायको ओरडती. म्या विचारतो, गुणगुण कधी सुरू झाली? तिथं दुखणं असतं. बाकीचं सगळं तिच्या मागनं आलेलं असतं.” ते थांबले. “पहिलं वाचलंच न्हाई तुम्ही?”

“नाही.”

“का?”

“मी काही बदललं नव्हतं, भाई. मग चूक माझी कशी, असं वाटलं.”

“तुम्ही न्हाई बदललं. घेणारा बदलला ना पण.” इब्राहिमभाईंनी पुन्हा पक्कड उचलली. “मग तुम्ही त्याचं तोंडच बांधलं. बरं. आन तिकडं दोष कोणावर गेला?”

“मावशीवर.”

इब्राहिमभाई तार ओढत राहिले. मुरलीधर उठला.

आता इथं मुरलीधरला दोन वाटा होत्या. एक सोपी होती. खोलीत जाऊन गुपचूप यादी दुरुस्त करायची, ती ओळ पुसून टाकायची, धुकं सुरू करायचं. संध्याकाळपर्यंत उरलेल्या अळ्या पान खायला लागल्या असत्या. गावानं म्हटलं असतं, पान वाईट होतं, मुरलीधरनं वाचवलं. जोडारी काही अप्पांना जाऊन सांगणार नव्हता. त्याचं तोंड तर बांधलेलंच होतं.

मुरलीधर चॉकीच्या दारात आला. अप्पा अजून तिथंच होते. मावशी आपली चप्पल शोधत होती.

“मावशी, जाऊ नका,” तो म्हणाला. “अप्पा, पान चांगलं आहे. हवा खोटी आहे.”

“आकडा पंच्याऐंशी आहे की.”

“तो आकडा कोणी मोजलेला नाही. जोडताना चुका होत होत्या, मी त्याला सांगू नको म्हटलं. गोणपाटं मीच काढायला लावली. धुक्याचं यंत्र सकाळपासून चालूच झालेलं नाही.”

अप्पा त्याच्याकडे बघत राहिले. “आणि मघाशी मी हिला बोललो तेव्हा तुम्ही इथंच होतात.”

“होतो.”

“आणि तुम्हाला माहीत होतं.”

“अंदाज होता. बोललो नाही.”

अप्पांनी तोंड उघडलं, पण मावशीनं मध्येच हात केला. “भांडणं मागनं,” ती म्हणाली. “आधी गोणपाटं भिजवा. अप्पा, तुमीबी धरा एक टोक.”

अप्पांनी टोक धरलं. हीटर बंद केला. दारं-खिडक्या ओल्या गोणपाटांनी झाकल्या. फरशीवर पाणी टाकलं. निरोप गेला तशा बायका परत आल्या, आणि बडबडत, नावं ठेवत, पण हात न थांबवता कामाला लागल्या. मावशीनं विळी पुन्हा घेतली आणि कोवळं पान चिरायला बसली.

मुरलीधर संगणकापुढे बसला. आधी त्यानं यादीच्या डोक्यावरची ती ओळ काढली आणि भोंग्याची ओळ होती तिथं परत लिहिली, सकाळी हलवलेला तुकडा आणि खाली-वर केलेल्या ओळीही जागच्या जागी आणल्या. मग यादी जोडाऱ्याला दिली. लाल अक्षरं पुन्हा वाहायला लागली. या वेळी तो वर गेला, वर, अगदी वर, पहिल्या ओळीपर्यंत. तिथं अक्षरं कमी होती आणि सरळ होती. नववी ओळ. ही लिहायची रीत जुनी झाली, आता चालत नाही. आधी खोकं सांगा, मग तुकडा सांगा.

एवढंच. जुन्या रीतीत आधी तुकड्याचं नाव लिहायचे आणि मग तो कुठल्या खोक्यात आहे ते. नव्या जोडाऱ्याला ते उलट हवं होतं. आणि हे त्यानं सकाळीच सांगितलं होतं, अगदी पहिल्या वाक्यात, न चिडता. पुढच्या सगळ्या तक्रारी, हे सापडत नाही, ते सापडत नाही, या त्याच एका ओळीच्या मागून आल्या होत्या.

मुरलीधरनं नववी ओळ नव्या रीतीनं लिहिली. एकशे सेहेचाळीसच्या नऊ तक्रारी उरल्या. त्यानं पुन्हा पहिली वाचली. बाविसावी ओळ, तोच दोष. दुरुस्त केली. दोन उरल्या. मग एक. मग काहीच नाही. या वेळची हिरवी खूण बघून तो हलला नाही. तो आकड्याकडे बघत होता.

आकडा पंच्याऐंशी नव्हता. बावन्न होता. गोणपाटं लावूनसुद्धा बावन्न. आणि लगेच भिंतीवरचा भोंगा मोठ्यानं वाजायला लागला. बायका दचकल्या. एकीच्या हातातली बादली सांडली.

अप्पांनी कानांवर हात ठेवले. “बंद करा ते.”

“नका करू,” मावशी पान चिरता चिरता म्हणाली. “खरं बोलायलंय ते. जरा ऐका.”

धुक्याच्या यंत्रानं खोकल्यासारखा आवाज केला आणि त्याच्या तोंडातून पांढरी वाफ निघाली. आकडा चढायला लागला. छप्पन्न. एकसष्ट. सत्तरच्या पुढे गेल्यावर भोंगा आपला आपण थांबला. मावशी ट्रेवर वाकून राहिली होती. बऱ्याच वेळानं ती सरळ झाली.

“तोंड लावलं पानाला,” ती म्हणाली.

पण सगळ्या ट्रेमध्ये तसं झालं नाही. तीनशे ट्रेपैकी पश्चिमेच्या भिंतीजवळचे सव्वीस गेले. ते वाचले नाहीत, आणि कुठल्याही दुरुस्तीनं ते परत येणार नव्हते. त्यांतल्या अळ्या मुरलीधरनं स्वतः बाहेर नेऊन पुरल्या. बेचाळीस घरांत एक घर त्याचंही होतं, सात ट्रेंचं. तो अप्पांना म्हणाला, “गेलेल्यांत माझे सात पहिले धरा.” अप्पांनी ते ऐकून घेतलं आणि हो म्हटलं. उरलेले एकोणीस सगळ्यांनी थोडे थोडे वाटून सोसले. काही जण मुरलीधरला बोलले, आणि बोलण्याजोगंच होतं ते. त्यानं ऐकून घेतलं.

अप्पा मावशीच्या दारी गेले होते म्हणतात. काय बोलले ते कोणाला माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी विळी मावशीच्याच हातात होती, आणि ती आत येता येता म्हणाली, “मुरली, तुझा आकडा किती हाय? माझं पान म्हणतंय चांगलं हाय.”

मुरलीधरनं त्या दिवशी आपल्या प्रोग्राममधली आणखी एक ओळ पुसली. माप आलं नाही तर पंच्याऐंशी धर, ही. तिच्या जागी त्यानं लिहिलं, माप आलं नाही तर भोंगा वाजव. ते काम करून तो बाहेर ओट्यावर आला. वारा अजून कोरडाच होता. इब्राहिमभाई भरलेली मोटार हातगाड्यावर चढवत होते. त्यानं दुसऱ्या बाजूनं हात लावला. मोटार जड होती. ती गाड्यावर नीट बसल्यावर इब्राहिमभाईंनी श्वास घेतला आणि विचारलं, “आता काही कटकट करतोय का तुमचा जोडारी?”

“नाही,” मुरलीधर म्हणाला. “पण आता केली तर बरं वाटेल.”

इब्राहिमभाईंनी मान डोलावली. गाड्याचा दांडा धरून, निघता निघता ते त्याला जे म्हणाले, तेच या गोष्टीचं

तात्पर्य: “तक्रार करणाऱ्याचं तोंड बांधू नये, मुरलीभाऊ. त्याचं पहिलं वाक्य आधी ऐकावं. तो गप्प झाला म्हणून चूक सरत न्हाई, नुसती आपल्याला कळायची थांबते.”